जिल्ह्याचे दफ्तर आणि मनोरुग्णालयाचा इतिहास : धाराशिव जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

सारांश

शासकीय मनोरुग्णालयाचा इतिहास बहुधा त्या संस्थेच्या वार्षिक अहवालांवरून लिहिला जातो. रुग्ण मात्र गावातून, पोलीस ठाण्यातून, तहसील कचेरीतून आणि न्यायालयातून तेथे पोहोचत असे. या प्रत्येक टप्प्यावर कागद तयार होत असे आणि तो जिल्ह्यात राहत असे. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात अशा स्थानिक कागदपत्रांचे स्वरूप, त्यांच्या वाचनातील अडचणी आणि त्यांच्या जतनाची निकड यांचा विचार प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

बीजशब्द : मनोरुग्णालय, स्थानिक अभिलेख, हैदराबाद संस्थान, धाराशिव, जालना, येरवडा, गोपनीयता.

प्रस्तावना

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात मुक्तिसंग्राम, शेतसारा, दुष्काळ, शिक्षणप्रसार आणि संतपरंपरा या विषयांना योग्य ते स्थान मिळाले आहे. त्या मानाने सार्वजनिक आरोग्याचा, विशेषतः मानसिक आरोग्याचा इतिहास उपेक्षित राहिला. याचे एक कारण असे सांगितले जाते की, ज्या जिल्ह्यात मनोरुग्णालयच नाही त्या जिल्ह्यात या विषयाची साधने कोठून मिळणार? धाराशिव जिल्ह्यात स्वतंत्र शासकीय मनोरुग्णालय उभे राहिले नाही हे खरे आहे. परंतु मनोरुग्णालय जिल्ह्याबाहेर असल्यामुळे त्याचा इतिहासही जिल्ह्याबाहेर आहे, असे मानणे योग्य होणार नाही. रुग्ण दूरच्या संस्थेत पाठविला जात असे. त्याला पाठविण्याचा निर्णय ज्या कागदावर झाला तो कागद मात्र येथेच राहत असे.

वैद्यकाच्या इतिहासात हा विचार नवा नाही. मिशेल फूको यांच्या १९६१ च्या ग्रंथाने वेडाच्या इतिहासाला सत्तेच्या चर्चेशी जोडले. रॉय पोर्टर यांनी १९८५ मध्ये वैद्यकाचा इतिहास रुग्णाच्या बाजूने लिहावा, अशी मांडणी केली. भारताच्या संदर्भात वॉल्ट्राउड अर्न्स्ट, जेम्स मिल्स आणि मुंबई इलाख्यापुरते सारा पिंटो यांचे अभ्यास महत्त्वाचे आहेत. या अभ्यासांचा भर प्रामुख्याने ब्रिटिश अमलाखालील संस्थांवर आहे. संस्थानी मुलखातील जिल्हा आणि तेथील दफ्तर हा या चर्चेतील दुर्लक्षित भाग होय.

अभ्यासाची उद्दिष्टे आणि पद्धती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१. धाराशिव जिल्ह्यातील मनोरुग्ण ज्या संस्थांत पाठविले जात, त्यांची पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२. या विषयाची जिल्हा पातळीवरील साधने कोणत्या प्रकारची आहेत, हे पाहणे.
३. ही साधने वाचताना घ्यावयाची दक्षता आणि त्यांच्या जतनाचा प्रश्न यांची चर्चा करणे.

यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. कोणत्याही रुग्णाच्या अथवा त्याच्या कुटुंबाच्या नावाचा उल्लेख हेतुपुरस्सर टाळला आहे.

संस्थात्मक पार्श्वभूमी

आजच्या महाराष्ट्रातील जुन्या मनोरुग्णालयांपैकी नागपूरचे १८६४, रत्नागिरीचे १८८६ आणि ठाण्याचे १९०१ या वर्षी सुरू झाले. मुंबईत कुलाबा येथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून वेड्यांचे इस्पितळ होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याची जागा येरवडा येथील मोठ्या संस्थेने घेतली. या संस्थांचा कारभार प्रथम १८५८ च्या आणि नंतर १९१२ च्या कायद्याने चाले. हे कायदे ब्रिटिश हिंदुस्थानचे होते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्याला ते लागू होते, परंतु सीना नदीच्या पलीकडील निजामाच्या मुलखाला नव्हते. एकाच बोलीच्या आणि एकाच कुलदैवताच्या दोन गावांतील रुग्णांचे भवितव्य केवळ सरहद्दीमुळे वेगळ्या व्यवस्थेच्या हाती जात असे, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

धाराशिवपुरता एक अल्प अपवाद आढळतो. १८५३ च्या तहानुसार वऱ्हाड व रायचूर दुआबासोबत नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही कंपनी सरकारकडे आला आणि १८६० मध्ये तो निजामास परत देण्यात आला. या काळातील पहिली काही वर्षे नळदुर्गचा कारभार फिलिप मेडोज टेलर यांच्याकडे होता. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील सात वर्षांचा पत्रव्यवहार इंग्रजी पद्धतीचा, तर त्याच्या आधीचा आणि नंतरचा संस्थानी पद्धतीचा आहे. हैदराबाद रेसिडेन्सीचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यामुळे या सात वर्षांच्या शोधाची दिशा वेगळी ठेवावी लागते.

हैदराबाद संस्थानाचे मनोरुग्णालय एके काळी जालना येथे होते. जालना हे हैदराबाद कंटिंजंटचे जुने लष्करी ठाणे होते आणि १९०३ मध्ये ही छावणी मोडण्यात आली. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात मनोरुग्णालय हैदराबादच्या एर्रागड्डा भागात गेले. त्यानंतर थोड्याच काळात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. या दोन घटना एकत्र पाहिल्या म्हणजे त्यांचा परिणाम ध्यानात येतो. मराठवाड्याच्या भूमीवरील मनोरुग्णालय आधी संस्थानाच्या राजधानीत गेले आणि पाठोपाठ ती राजधानीच दुसऱ्या राज्यात गेली. पुढे धाराशिवच्या रुग्णांसाठी येरवडा हे ठिकाण झाले. २०२० नंतरच्या वर्षांत जालना येथे प्रादेशिक मनोरुग्णालय उभारण्यास राज्य शासनाने मंजुरी दिली. या मागणीला किती जुना इतिहास आहे, हे ती करणाऱ्यांपैकी अनेकांना ज्ञात नसावे.

खाटांच्या संख्येबाबत एक तुलना उद्बोधक ठरेल. भोर समितीने १९४६ च्या अहवालात असे नमूद केले की, हिंदुस्थानात सुमारे चाळीस हजार लोकांमागे मनोरुग्णालयाची एक खाट होती, तर इंग्लंडमध्ये सुमारे तीनशे लोकांमागे एक. मानसिक आजाराने ग्रस्त झालेल्या व्यक्तींपैकी फारच थोड्या मनोरुग्णालयापर्यंत पोहोचत, हे यावरून स्पष्ट होते. केवळ रुग्णालयाच्या नोंदींवर उभारलेला इतिहास म्हणजे या थोड्यांचाच इतिहास होय.

रुग्णाची वाट आणि तिच्यावरील कागद

रुग्ण कोणत्या वाटेने गेला असेल, याचा विचार केल्यास साधनांचा नकाशा आपोआप तयार होतो. गावात एखादी व्यक्ती अनावर झाली की, प्रथम पोलीस पाटलाकडे वर्दी जाई. पुढे प्रकरण पोलीस अमीन, तहसीलदार आणि अव्वल तालुकदार यांच्या कचेऱ्यांपर्यंत पोहोचे. अव्वल तालुकदार म्हणजे आजच्या जिल्हाधिकाऱ्याच्या समकक्ष अधिकारी. वैद्यकीय तपासणी होईपर्यंत त्या व्यक्तीला ठेवण्यासाठी ठाण्याची कोठडी किंवा तुरुंग हीच उपलब्ध जागा असे. म्हणून मनोरुग्णालयाच्या इतिहासाची पहिली नोंदवही अनेकदा तुरुंगाची नोंदवही असते. ही प्रथा केवळ संस्थानी काळापुरती नव्हती. कोणताही गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर व घटनाबाह्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाला शीला बारसे यांच्या याचिकेवर १९९३ मध्ये द्यावा लागला, यावरून या प्रथेचे दीर्घायुष्य लक्षात येते.

त्यानंतरचा टप्पा प्रवासाचा. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि येडशी, ढोकीमार्गे १९११ मध्ये लातूरला पोहोचली. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेमुळे मनमाड ते सिकंदराबाद हा मार्ग जालन्यावरून १९०० च्या सुमारास खुला झाला. धाराशिव भागातून रेल्वेने जालन्यास जावयाचे तर येडशीहून कुर्डूवाडी, तेथून दौंड, दौंडहून मनमाड आणि मनमाडहून औरंगाबादमार्गे जालना असा वळसा होता. निजामाच्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्यासाठी ब्रिटिश मुलूख ओलांडावा लागे. अशा प्रवासात सोबतीचे शिपाई, त्यांचा भत्ता, रेल्वेचे भाडे आणि रुग्णाचा शिधा यांचा हिशेब ठेवणे क्रमप्राप्त होते. म्हणून मनोरुग्णांचा शोध ‘वैद्यकीय’ या शीर्षकाखाली घेऊन थांबू नये; पोलीस खात्याच्या खर्चाच्या बिलांतही तो घ्यावा. अशा हिशेबात रकमा हाली सिक्क्यात आहेत की कलदार रुपयात, हेही पाहावे लागते, कारण दोहोंचे मूल्य सारखे नव्हते.

दफ्तराची भाषा, सन आणि नावे

मराठवाड्यातील संशोधकापुढील पहिली अडचण लिपीची आहे. संस्थानाच्या कारभारात १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवरील जुने कागद मोडीत आहेत. १९४८ नंतर इंग्रजी व मराठीचा वापर वाढत गेला. एकाच प्रकरणात गावचा अर्ज मोडीत, त्यावरचा शेरा उर्दूत आणि वरिष्ठांचा पत्रव्यवहार इंग्रजीत असू शकतो. तीन लिप्यांपैकी एकच जाणणाऱ्या अभ्यासकाच्या हाती प्रकरणाचा तिसरा हिस्साच लागतो.

दुसरी अडचण शब्दांची आहे. वेड्यांच्या इस्पितळाला उर्दूत ‘दारुल्मजानीन’ म्हणत. ‘मजनून’ या शब्दाचे अनेकवचन ‘मजानीन’. सूचीमध्ये ‘मनोरुग्णालय’ किंवा ‘इस्पितळ’ हा शब्द शोधणाऱ्यास त्यामुळे काहीच सापडणार नाही. मराठी कागदांत ‘वेडा’, ‘वेडसर’, ‘भ्रमिष्ट’, ‘खुळा’ असे शब्द येतात. बोलीत ‘येडा’, ‘झपाटलेला’, ‘बाहेरची बाधा’ आणि ‘अंगात येणे’ असे शब्द आहेत. या शब्दांचे अर्थ एक नाहीत. ‘खुळा’ हा बहुधा जन्मतः मंदबुद्धी असतो, तर ‘भ्रमिष्ट’ हा पूर्वी शहाणा असलेला माणूस असतो. अंगात येणे ही पुष्कळदा आजाराची नव्हे तर उपासनेची अवस्था मानली जाते. महानुभाव परंपरेत रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचे वर्तन लोकांना वेडाचे वाटले, तरी भक्तांसाठी ते ईश्वरी होते. असा समाज जेव्हा एखाद्याला ‘वेडा’ ठरवून सरकारच्या हवाली करतो, तेव्हा त्यामागे काही तरी विशेष कारण घडलेले असते. ते कारण शोधणे हेच इतिहासकाराचे काम आहे.

तिसरी अडचण कालगणनेची. हैदराबाद संस्थानाच्या कागदांवर फसली सन असे आणि त्याचे महिने आजुर, दै, बहमन, इस्फंदार असे इराणी नावांचे होते. हे वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होई. म्हणून फसली सनात आरंभापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९० आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवावे लागतात. फसली १३१८ म्हणजे ऑक्टोबर १९०८ ते ऑक्टोबर १९०९. हा फरक न पाळल्यास रुग्णाचा दाखला आणि त्याच्या मृत्यूची नोंद यांत एका वर्षाची चूक सहज होते.

चौथी अडचण प्रशासकीय नावांची. १९०४ पर्यंत जिल्ह्याचे ठाणे नळदुर्ग येथे होते, नंतर ते धाराशिव येथे आले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून उस्मानाबाद हे नाव रूढ झाले आणि २०२३ मध्ये शहर व जिल्ह्याचे अधिकृत नाव पुन्हा धाराशिव झाले. १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणजे एकाच प्रदेशाचे कागद नळदुर्ग, उस्मानाबाद, लातूर आणि धाराशिव अशा चार नावांखाली विखुरलेले आहेत. संस्थानाच्या मध्यवर्ती खात्यांचे कागद हैदराबादेत तारनाका येथील राज्य अभिलेखागारात असल्याने, तेथे कोणत्या नावाने विचारणा करावी, हे आधी ठरवूनच जावे.

‘कारण’ या रकान्याचा पडताळा

स्थानिक कागदांचे महत्त्व किती मूलगामी आहे, याचा पुरावा १८९३-९४ च्या भारतीय भांग-गांजा आयोगाच्या कामात मिळतो. वेड्यांच्या इस्पितळांच्या वार्षिक तक्त्यांत वेडाचे कारण असा रकाना असे आणि त्यात गांजा हे कारण वारंवार आढळे. आयोगाने १८९२ मध्ये दाखल झालेल्या रुग्णांची प्रकरणे मुळापासून तपासली. एकूण १,३४४ दाखल रुग्णांपैकी केवळ ९८ प्रकरणांत गांजा-भांगेचा संबंध मान्य करता येईल, असा निष्कर्ष निघाला. कारणाचा रकाना इस्पितळातील डॉक्टर स्वतःच्या निरीक्षणावरून भरीत असतीलच असे नव्हते. रुग्णासोबत आलेल्या पोलिसांच्या वर्णनपत्रात जे लिहिलेले असे, ते नोंदवहीत उतरे. नोंदवहीतून ते तक्त्यात आणि तक्त्यातून सरकारी अहवालात जाई. ठाण्यातील एका कारकुनाच्या अंदाजाला अशा रीतीने वैद्यकीय सत्याचे रूप येई.

या उदाहरणाचा बोध स्पष्ट आहे. संस्थेचा अहवाल हा मूळ पुरावा नसून तो जिल्ह्यातील कागदाचा गोषवारा आहे. गोषवारा तपासायचा असेल तर मूळ कागदापर्यंत जावेच लागेल. १९१२ च्या कायद्यातील वैद्यकीय प्रमाणपत्राच्या नमुन्यात डॉक्टरने स्वतः पाहिलेली लक्षणे आणि इतरांनी सांगितलेली लक्षणे वेगवेगळी लिहावयाची असत. ही विभागणी इतिहासकारासाठी अमूल्य आहे. दुसऱ्या भागात नातेवाईक, शेजारी आणि पाटील यांचे म्हणणे येते. म्हणजे गावाचा आवाज या एका रकान्यात शिल्लक राहतो. हा आवाज निःपक्ष असतोच असे नाही, तरीही तो ऐकणे आवश्यक आहे.

वेड आणि वारसा

हा आवाज निःपक्ष का नसतो, याचे एक महत्त्वाचे कारण मालमत्ता हे होय. जुन्या हिंदू विधीप्रमाणे वेड हे वारसा नाकारण्याचे कारण ठरू शकत असे. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२८ च्या कायद्याने ही अपात्रता जन्मजात वेडापुरती मर्यादित केली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने रोग अथवा शारीरिक वा मानसिक दोष यांवरून वारसा नाकारण्याची तरतूद संपुष्टात आणली. तोपर्यंत एखाद्या भावाला, विधवा भावजयीला किंवा पुतण्याला ‘वेडा’ ठरविण्यात इतरांचा आर्थिक लाभ असू शकत होता.

या दृष्टीने दिवाणी न्यायालयांतील वाटणीचे दावे, अज्ञान व वेडसर व्यक्तींच्या मिळकतीचे पालकत्व ठरविणारी प्रकरणे आणि इनाम-वतनाच्या चौकशीचे कागद तपासण्यासारखे आहेत. संस्थानात इनामांच्या मान्यतेचे मुंतखब व अतियातीची प्रकरणे यांत वारसांची तपशीलवार चौकशी होत असे. वतनदार काम करण्यास असमर्थ असल्यास त्याच्या वतीने गुमास्ता नेमावा लागे. या असमर्थतेचे कारण कोणते दिले आहे, ते पाहावे. मनोरुग्णालयाचा अहवाल ज्याला केवळ एक आकडा म्हणून ओळखतो, ती व्यक्ती या कागदांत भाऊ, पत्नी, वारस आणि प्रतिवादी म्हणून भेटते.

दफ्तराबाहेरील दुःख

जे रुग्णालयापर्यंत पोहोचले नाहीत त्यांचे काय झाले, हा प्रश्न उरतोच. धाराशिव भागातील कुटुंबे बाधा झालेल्या माणसाला घेऊन गाणगापूरच्या दत्तस्थानी जात आली आहेत. गाणगापूर हे पूर्वीच्या गुलबर्गा जिल्ह्यात, म्हणजे हैदराबाद संस्थानातच होते. याशिवाय गावोगावचे दर्गे आणि देवस्थाने होतीच. या ठिकाणांची आठवण कुटुंबांच्या तोंडी आहे, म्हणून मौखिक इतिहासाची जोड येथे अनिवार्य ठरते. १८८१ ते १९३१ या काळातील जनगणनांत वेडसर, मूकबधिर, अंध आणि महारोगी व्यक्तींची वेगळी गणना होत असे. दाखल रुग्णांच्या संख्येशेजारी ही गणना ठेवल्यास घरीच राहिलेल्यांच्या संख्येचा काही अंदाज बांधता येतो. अर्थात घरातील स्त्रीचे वेड जनगणनेच्या कारकुनाला सांगितले जाईलच असे नाही, हेही विसरता येत नाही.

जिल्ह्याच्या इतिहासातील दोन आघात या संदर्भात एकत्र पाहावे लागतात. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरच्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचा समावेश केला होता. त्याआधी रझाकारांच्या अत्याचारांनीही येथील गावे होरपळली होती. दुसरा आघात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाचा. किल्लारीसह लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील अनेक गावे त्यात उद्ध्वस्त झाली. या भूकंपानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने डॉ. मोहन आगाशे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास केला. आपत्तीतून वाचलेल्या माणसाचे मन हा शासनाच्या व शास्त्राच्या चिंतेचा विषय झाला. १९४८ मधील विधवा, निर्वासित आणि अनाथ मुले यांचे दुःख कोणत्याही वैद्यकीय रकान्यात बसविले गेले नव्हते. ते मदतीच्या अर्जांत, जप्त व परत दिलेल्या जमिनींच्या प्रकरणांत आणि आठवणींत शोधावे लागते. पंचेचाळीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटनांतील नोंदींचा फरक हा मानसिक आरोग्याच्या जाणिवेचाच इतिहास आहे.

हा विषय केवळ भूतकाळाचा नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने २०१५ मध्ये उस्मानाबाद व यवतमाळ या दोन जिल्ह्यांची बळीराजा चेतना अभियानासाठी निवड केली. आज जिल्ह्यातील डॉक्टर व समुपदेशक ज्या संकोचाला सामोरे जातात, तो कोठडी, तुरुंग आणि दूरच्या इस्पितळाच्या जुन्या अनुभवाशी अजिबात संबंधित नाही, असे म्हणता येणार नाही.

गोपनीयता आणि संशोधकाचे दायित्व

अशा कागदांत जिवंत कुटुंबांचे पूर्वज आहेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचा गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या व्यक्तीबाबत कायदा काय म्हणतो, एवढ्यापुरता हा प्रश्न मर्यादित नाही. लहान गावात आडनाव, वतन आणि भाऊबंदकी यांवरून माणूस ताबडतोब ओळखला जातो. ‘त्यांच्या घराण्यात वेड आहे’ असा बोभाटा झाला, तर आजच्या एखाद्या मुलीचे लग्न मोडू शकते. म्हणून नावाऐवजी क्रमांक वापरणे, गावाऐवजी तालुक्याचा उल्लेख करणे आणि वारशाच्या प्रकरणात वतनाचे वर्णन सैल ठेवणे, एवढी पथ्ये पाळावीत.

याची दुसरी बाजूही आहे. सर्व नावे गाळली तर रुग्ण पुन्हा आकडा होतो. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात विलर्ड येथील मनोरुग्णालय १९९५ मध्ये बंद झाले, तेव्हा माळ्यावर रुग्णांच्या चारशेहून अधिक पेट्या सापडल्या. कपडे, पत्रे आणि छायाचित्रे यांवरून त्या माणसांची आयुष्ये उलगडू लागली. तेथेही नावे उघड करावीत की नाही, हा वाद झाला. नाव झाकून माणूस दाखविणे हे कठीण काम आहे. व्यवसाय, वय, कुटुंबातील स्थान, सोबत कोण आले, भेटीस कोण गेले आणि घरी परत नेण्याचा अर्ज कोणी केला, एवढे तपशील ओळख न उघडता देता येतात. एखाद्या आईने मुलाच्या सुटकेसाठी केलेला अर्ज हा मनोरुग्णालयाच्या इतिहासातील कोणत्याही तक्त्याइतकाच मोलाचा पुरावा आहे.

दफ्तर टिकविण्याचा प्रश्न

महसूल खात्याच्या अभिलेखांचे अ, ब, क आणि ड असे वर्गीकरण असते. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवले जातात, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षे. ‘क’ व ‘ड’ वर्गांचे त्याहून पुष्कळ कमी काळ. जमिनीचा हक्क सांगणारा कागद टिकतो. माणसाला येथून तेथे नेल्याचा कागद किरकोळ पत्रव्यवहार समजून नष्ट होण्याचा धोका मोठा असतो. म्हणजे जो इतिहास आपण शोधत आहोत, तो नेमका सर्वांत आधी रद्दीत जाणाऱ्या गठ्ठ्यांत असतो.

या बाबतीत २०२३ पासून एक अनपेक्षित संधी निर्माण झाली आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमण्यात आली आणि धाराशिवसह मराठवाड्यातील जिल्ह्यांत जुने दफ्तर उघडले गेले. महसुली अभिलेखांसोबत जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, शाळांची रजिस्टरे, पोलीस व कारागृह विभागांचे अभिलेख यांची तपासणी झाली. मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची गरज प्रथमच प्रशासनाला तीव्रतेने जाणवली. ज्या नोंदवह्यांत जातीचा रकाना पाहिला गेला, त्यांतील काहींत शेजारच्याच रकान्यात मृत्यूचे कारण किंवा कैदेचे कारण असू शकते. एका उद्देशाने उघडलेला बस्ता दुसऱ्या कोणत्याही उद्देशासाठी न वाचता पुन्हा बांधला गेला, तर तो केव्हा उघडेल हे सांगता येणार नाही. सार्वजनिक अभिलेखांच्या जतनासाठी केंद्राचा १९९३ चा आणि महाराष्ट्राचा २००५ चा कायदा अस्तित्वात आहे. तेव्हा कायद्याचा आधार आहे. आता आवश्यकता आहे ती संशोधक, महाविद्यालये आणि प्रशासन यांच्या सहकार्याची.

निष्कर्ष

१. धाराशिव जिल्ह्यात मनोरुग्णालय नसले तरी जालना व येरवडा येथील संस्थांच्या इतिहासाची मूळ साधने जिल्ह्याच्या दफ्तरात शोधता येतात. मराठवाड्यातील मनोरुग्णालय स्थलांतरित झाल्यामुळे या साधनांचे महत्त्व अधिकच वाढते.
२. मनोरुग्णालयाचे वार्षिक अहवाल हे स्थानिक कागदांचे गोषवारे आहेत. १८९३-९४ च्या आयोगाने दाखविल्याप्रमाणे मूळ प्रकरण तपासल्याशिवाय त्यांवर विसंबणे धोक्याचे आहे.
३. पोलीस, तुरुंग, रेल्वे-प्रवास, वारसा आणि वतन यांचे कागद हे मानसिक आरोग्याच्या इतिहासाचे साधन मानले पाहिजे. त्यासाठी मोडी व उर्दू लिपी, फसली सन आणि बदललेली प्रशासकीय नावे यांचे ज्ञान अपरिहार्य आहे.
४. रुग्णांची व कुटुंबांची ओळख न उघडता त्यांचे माणूसपण मांडणे, हे संशोधकाचे नैतिक दायित्व आहे.
५. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, उर्दू, मराठी आणि मानसशास्त्र विभागांनी एकत्र येऊन तालुकानिहाय अभिलेखांची सूची तयार करावी. मोडी व उर्दू वाचणारी पिढी झपाट्याने विरळ होत आहे. एका विभागाने हे काम पूर्ण होणार नाही. परंतु एका तालुक्याच्या एका नोंदवहीपासून ते सुरू होऊ शकते, आणि ती नोंदवही वाचण्यायोग्य स्थितीत असेतोवर ते सुरू होणे आवश्यक आहे.